सहलीत एक तास शिडाच्या होडीत



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. सांगली-सोलापूरकडच्या काय किंवा मराठवाडा-विदर्भातल्या काय, पुष्कळ शाळांची एखादी तरी सहल दोन-तीन वर्षांतून मुंबईला जाते. या सहलीचा कार्यक्रम आता जवळजवळ ठरून गेलेला आहे. सकाळी राणीचा बाग, मग वस्तुसंग्रहालय, नेहरू विज्ञान केंद्र किंवा तारांगण, म्हातारीचा बूट, चौपाटीवर भेळ आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया. तेथे सर्वांचा मिळून एक फोटो काढायचा आणि 'कठड्यावर वाकू नका, पाण्याकडे जाऊ नका' अशा सूचनांच्या गजरात पुन्हा बसमध्ये चढायचे. ज्या समुद्रामुळे मुंबई ही मुंबई झाली, त्या समुद्राकडे पाठ करून काढलेला तो फोटो मग वर्षभर शाळेच्या फलकावर झळकत असतो.

मला या लेखात एवढेच सांगायचे आहे की, या कार्यक्रमात एक तास शिडाच्या होडीसाठी राखून ठेवावा. वेळ पुरत नसेल तर दुसरे एखादे प्रेक्षणीय स्थळ गाळावे, पण हा तास गाळू नये. ही सूचना ऐकून अनेक शिक्षकांच्या आणि पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. त्यांच्या भीतीकडे मी पुढे वळणारच आहे. पण हा विचार माझ्या डोक्यात आला कसा, ते आधी सांगतो.

एका मुलीचा प्रश्न

मी एका कोरडवाहू भागातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमची सहल मुंबईला गेली होती. घारापुरीची लेणी पाहून आम्ही दुपारी इंजिनाच्या लाँचने गेटवेकडे परत येत होतो. समोरून वारा येत होता. मुलींच्या वेण्या मागे उडत होत्या. तेवढ्यात आमच्या बाजूने एक लहानशी, पांढऱ्या त्रिकोणी शिडाची होडी गेटवेच्याच दिशेने तिरकी निघून गेली. आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, वारा तर तिकडून येतोय. मग ती होडी वाऱ्याकडे कशी चाललीय? उफणताना भुसकट कधी वाऱ्याकडे जात नाही!"

ती शेतकऱ्याची मुलगी होती. खळ्यावर उभे राहून तिने वारा पाहिलेला होता. वारा वस्तूला आपल्या पुढे घेऊन जातो, हे तिचे ज्ञान पुस्तकातले नव्हते, डोळ्यांनी मिळवलेले होते. म्हणूनच समोरचे दृश्य पाहून ती अडखळली. मी मात्र न अडखळता उत्तर दिले, "अगं, तिला इंजिन असेल." शेजारी उभा असलेला लाँचवरचा खलाशी हसून म्हणाला, "इंजिन नाय मास्तर, शिडावरच चाललीय ती."

मित्रहो, त्या क्षणी मला खरोखर शरम वाटली. बलाचे घटक कसे पाडायचे, हे मी कित्येक वर्षे फळ्यावर शिकवत होतो. उतरणीवरचा ठोकळा, दोरीने ओढलेली पेटी, सगळ्या आकृत्या मला पाठ होत्या. पण तोच नियम माझ्या डोळ्यांसमोरून पाण्यावर चालत गेला, तेव्हा तो मला ओळखता आला नाही. पुढच्या वर्षी मी मुंबईच्या सहलीत एक तास शिडाच्या होडीचा घातला. एका होडीत सहा-सहा विद्यार्थी, अनुभवी तांडेल, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, आणि उरलेले विद्यार्थी दुसऱ्या शिक्षकांबरोबर काठावर निरीक्षण करीत. त्या एका तासात माझ्या विद्यार्थ्यांनी जे पाहिले, ते मी वर्षभरात फळ्यावर दाखवू शकलो नसतो.

समोरच्या वाऱ्याविरुद्ध होडी कशी जाते?

पाठीमागून वारा असेल तर काही कोडेच नाही. शीड पसरले की वारा होडीला ढकलतो. भुसकटाचा आणि होडीचा न्याय तेथे एकच आहे. फरक पडतो तो वारा समोरून तिरका येऊ लागला म्हणजे.

तिरक्या वाऱ्यात तांडेल शीड दोरीने आत ओढून घेतो, म्हणजे ते होडीच्या लांबीशी लहानसा कोन करते. फुगलेल्या शिडाच्या वक्र पृष्ठावरून वाहताना वारा आपली दिशा बदलतो. शीड वाऱ्याला वळवते, म्हणून वारा शिडाला उलट बाजूस ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. विमानाच्या पंखावर वर उचलणारे बल असेच निर्माण होते. शीड हा जणू उभा केलेला पंखच आहे. हे बल ढोबळ मानाने शिडाच्या पृष्ठाला काटकोनात असते. म्हणजेच ते बरेचसे होडीच्या आडव्या बाजूला आणि थोडेसे पुढच्या दिशेला असते.

आता वहीत आकृती काढा. शीड होडीच्या लांबीशी २० अंशांचा कोन करते आणि शिडावरचे बल १०० न्यूटन आहे, असे समजा. त्याचे दोन घटक पाडले तर आडवा घटक सुमारे ९४ न्यूटन आणि पुढचा घटक सुमारे ३४ न्यूटन येतो. मग होडी आडवीच का सरकत नाही? याचे उत्तर पाण्याखाली आहे. होडीच्या तळाला नाळेपासून मागच्या टोकापर्यंत लाकडी कणा असतो. त्याला दर्यावर्दी लोक 'पठाण' म्हणतात. नव्या पद्धतीच्या होड्यांना तळाखाली एक रुंद, जड पात बसवलेली असते. ही पात पाण्यात सुरीसारखी पुढे सहज जाते, पण आडवी जाताना सगळे पाणी तिला विरोध करते. त्यामुळे ९४ न्यूटनांचा आडवा घटक पाण्याच्या विरोधात खर्ची पडतो आणि ३४ न्यूटनांचा घटक होडीला पुढे नेतो.

कलिंगडाची ओली बी दोन बोटांत धरून चिमटा. बी सटकन पुढे उडते. दोन्ही बोटांनी तिला बाजूंनी दाबले होते, पुढे कोणीच ढकलले नव्हते. होडी ही ती बी आहे. एक बोट वाऱ्याचे आणि दुसरे पाण्याचे. केवळ वारा असून भागत नाही, पाण्याचीही साथ लागते. भुसकटाला पाण्याखालचे दुसरे बोट नसते, म्हणून ते वाऱ्याबरोबर जाते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

अर्थात होडी थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही. तसे केले तर शीड नुसते फडफडते. साधारणपणे वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन ठेवून ती जाते. काही वेळ एका बाजूला, मग वळण घेऊन दुसऱ्या बाजूला. बोरघाट किंवा आंबेनळीचा घाट चढताना तुमची एस.टी. असेच करते. समोरचा चढ अंगावर घेण्याऐवजी ती नागमोडी रस्त्याने वर जाते. हिशेबही सोपा आहे. गेटवे नेमक्या वाऱ्याच्या दिशेला एक किलोमीटर दूर असेल आणि होडी ४५ अंशांच्या दोन सारख्या टप्प्यांत गेली, तर पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे तिला सुमारे १.४१ किलोमीटर अंतर कापावे लागेल. आमच्या होडीवरच्या तांडेलाने हेच आपल्या भाषेत सांगितले, "वाऱ्याशी भांडायचं नसतं मास्तर, त्याला तिरकं घ्यायचं असतं."

वारा वाढला की किती वाढला?

आम्ही दुपारी निघालो तेव्हा वारा वायव्येकडून होता आणि होडी आग्नेयेकडे, म्हणजे वाऱ्याबरोबर चालली होती. दहा मिनिटांनी एक मुलगा म्हणाला, "सर, वारा पडला." तांडेलाने काही न बोलता होडी फिरवली आणि परतीची दिशा धरली. त्याबरोबर वारा तोंडावर सपासप लागू लागला, होडी एका बाजूला कलली आणि मुलांनी काठ घट्ट धरले. खरे तर वारा पडलाही नव्हता आणि वाढलाही नव्हता.

वाऱ्याचा वेग ताशी १८ किलोमीटर आणि होडीचा ताशी ६ किलोमीटर धरू. वाऱ्याबरोबर जाताना होडीतल्या माणसाला वारा ताशी १२ किलोमीटरचाच जाणवतो. तीच होडी त्याच वेगाने समोरच्या वाऱ्याशी ४५ अंश करून चालू लागली, तर दोन्ही वेगांची दिशेसह बेरीज केल्यावर जाणवणारा वारा ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास येतो. शिडावरचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नुसते तोंड फिरवल्याने शिडावरचा जोर सुमारे साडेतीन पट होऊ शकतो.

वर्गाचा हा नियम नुसता पाठ करून सोडून देऊ नका. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १५ न्यूटन दाब देतो. शीड १५ चौरस मीटरचे असेल तर एकूण बल सव्वादोनशे न्यूटनांच्या घरात जाते. हे झाले सुमारे २३ किलोग्रॅम वजनाइतके. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हेच बल चौपट, म्हणजे ९२ किलोग्रॅम वजनाइतके होते. दोन मोठी माणसे जणू उंच शिडाला लोंबकळू लागतात. अनुभवी तांडेल वाऱ्याची झुळूक पाण्यावर काळसर पट्ट्यासारखी येताना दुरून पाहतो आणि ती पोहोचण्याआधीच शिडाची दोरी सैल करतो. नवशिका ती पोहोचल्यावर घाबरून उभा राहतो. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी अधिकच अस्थिर होते. 'होडीत उभे राहू नये' हा नियम शिक्षकांच्या हौसेखातर केलेला नाही, तो गुरुत्वमध्याचा नियम आहे.

खारे वारे आणि तिथीची पाऊणपट

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती तुम्ही पाहिली आहे. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी तापत नाही, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे वारा जातो. तो मतलई वारा. पाण्याची विशिष्ट उष्णता १ धरली तर कोरड्या मातीची सुमारे एकपंचमांश येते, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. परीक्षेत याला दोन गुण असतात. पण मुंबईच्या हिवाळ्यात सकाळी लवकर गेटवेवर उभे राहा आणि रुमाल धरा, तो बहुधा पश्चिमेकडे उडेल. दुपारी दोन वाजता त्याच जागी या, तो उलटा उडालेला दिसेल. शिडाच्या होड्या वापरणारे कोळी बांधव पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. इंजिने येण्यापूर्वी किनाऱ्याचे सगळे वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर बसवलेले होते.

येथे एक गोष्ट मुलांच्या हमखास ध्यानात येत नाही. मुंबई अरबी समुद्रावर आहे, म्हणून गेटवेचे तोंड पश्चिमेला असणार, असे सर्वांना वाटते. होकायंत्र काढून पाहा. गेटवे मुंबईच्या पूर्व काठावर, बंदराच्या बाजूला आहे. सूर्य तेथे समुद्रावर उगवतो, मावळतो तो शहरामागे. त्यामुळे दुपारचा खारा वारा गेटवेपाशी पोहोचतो तो सगळे शहर ओलांडून. काठाजवळ उंच इमारतींच्या आडोशाला तो अडखळतो, कधी मंद तर कधी झोताने येतो. होडी आत गेली की तो सलग होतो. वाऱ्याला सावली असते, ही गोष्ट आम्हाला पुस्तकाने सांगितली नव्हती, शिडाने सांगितली.

वाऱ्याइतकेच महत्त्व भरती-ओहोटीला आहे. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. तेव्हा मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि हा फरक पुष्कळच कमी होतो. गेटवेच्या पायऱ्यांवर शेवाळाची हिरवी रेघ कोठवर आली आहे ते पाहिले, तर पाणी कोठवर चढते याची खूण मिळते.

आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक सुंदर तोंडी हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मिनिटाचा नाही, ढोबळ आहे. होडी हाकणाराने छापील भरतीपत्रकच पाहिले पाहिजे. पण ज्यांनी तो बसवला त्यांनी शेकडो भरत्या पाहिल्या, चंद्राशी ताडून घेतल्या आणि मग एक सूत्र काढले. निरीक्षण, नोंद आणि नियम या वैज्ञानिक पद्धतीचे याहून जवळचे उदाहरण कोणते देता येईल?

आमची सहल पंचमीला होती. पाच पाऊणे पावणेचार. म्हणून दुपारी अडीच वाजता भरती चालू असणार आणि बंदरातले पाणी उत्तरेकडे, ठाण्याच्या खाडीकडे ओढ घेणार, असे भाकीत मुलांनी शाळेतच लिहून आणले होते. गेटवेवर पोहोचताच त्यांनी नांगरलेल्या होड्या पाहिल्या. बहुतेक होड्यांच्या नाळा दक्षिणेला होत्या, कारण नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते. भाकीत बरोबर आले, तेव्हा मुलांनी जो आरडाओरडा केला तो एखाद्या क्रिकेटच्या विजयालाही शोभला असता.

आणि धोका?

आता आक्षेपाकडे वळू. समुद्र म्हणजे खेळ नव्हे, हे खरे आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी चालू असताना आदळली आणि तेथेही डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्या घरांतली मुले परत आली नाहीत, त्या घरांसमोर विज्ञानाच्या गोष्टी बोलायला जीभ धजत नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर 'सहली समुद्रापासून दूर ठेवा' असा सूर उमटतो. तो उमटणे स्वाभाविक आहे.

परंतु या उपायाने धोका कमी होतो का, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. शाळेच्या सहलीत ज्याला समुद्राजवळ जाऊ दिले नाही, तो मुलगा पुढे चार वर्षांनी मित्रांबरोबर किनाऱ्यावर जाणारच आहे. त्या वेळी त्याच्याबरोबर शिक्षक नसतील, तांडेल नसेल आणि जाकीटही नसेल. ओहोटीच्या वेळी उघडे पडलेले खडक भरतीत चहूबाजूंनी वेढले जातात, हे त्याला कोणी दाखवलेले नसेल. समुद्राची भीती त्याला आम्ही भरपूर दिली, पण समुद्राची ओळख दिली नाही. आणि नुसती भीती मित्रांच्या एका टाळीसरशी उडून जाते. ओळख तशी उडत नाही. विजेचा धक्का बसतो म्हणून आपण शाळेतून विजेचा धडा काढून टाकत नाही. उलट तो अधिक काळजीने शिकवतो.

जीवरक्षक जाकिटाचेच पाहा. पुष्कळांना ते पोरकट वाटते. 'मला पोहता येते' म्हणून ते हातात धरून बसतात. प्लवनाचा नियम काय सांगतो? आपल्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते, म्हणून पाण्यात बुडालेल्या माणसाचे वजन जवळजवळ नाहीसे होते. अडचण असते ती डोक्याची. ते चार-पाच किलोग्रॅमचे असते, आणि श्वासासाठी ते पाण्याबाहेर ठेवावे लागते. प्रौढांसाठीचे चांगले जाकीट निदान दहा किलोग्रॅम वजन पेलण्याइतके जादा उत्प्लावक बल देते. म्हणजे जे काम थकलेल्या, घाबरलेल्या हातापायांना करायचे, ते आर्किमिडीज करतो. पण बंद न बांधलेले जाकीट पाण्यात पडताक्षणी डोक्यावरून निघून जाते. म्हणून ते काठावरच, होडीत पाय ठेवण्यापूर्वी, सर्व बंद आवळून घातले पाहिजे. आमच्या मुलांनी आदल्या आठवड्यात जवळच्या पोहण्याच्या तलावात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, कमरेइतक्या पाण्यात हे करून पाहिले होते. तेव्हापासून कोणालाही 'जाकीट घाल' असे सांगावे लागले नाही.

शिक्षकांनी आणखी चार गोष्टी पाळाव्यात. पावसाळ्यात समुद्रावर जाण्याचा विचारही करू नये. मुंबईत शिडाच्या होड्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे हाच आहे. हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी पाहावा. होडीचा परवाना आणि माणसे बसवण्याची मर्यादा विचारावी, आणि 'अजून दोन मुले बसतील' या बोलण्याला भुलू नये. तांडेलाने 'आज नको' म्हटले तर हुज्जत न घालता परत फिरावे. मुलांचा हिरमोड होईल. पण निसर्गापुढे 'आज नको' म्हणता येणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

हा तास सर्वांना मिळावा

खर्चाचा आक्षेप मात्र मला जास्त बोचतो. शिडाची होडी तासाने घ्यायची तर पैसे पडतात आणि आमच्यासारख्या शाळांना ते जड जातात. मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचे क्लब जुने आहेत. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ मधली. तरीही हा खेळ सामान्य घरातल्या मुलांपर्यंत पोहोचलेला नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत शिडाची होडी चालवायला शिकवतात, पण ती शाखा सगळ्या गावांत नाही. हंगामातले थोडे दिवस तरी बाहेरगावच्या शाळांसाठी सवलतीने राखून ठेवावेत, असे मी क्लबांना आणि सरकारलाही आग्रहाने सुचवतो. ज्यांना मुंबईत हे साधणार नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्याकडे प्रवाशांना नेणाऱ्या शिडाच्या होड्या आहेत. जंजिरा पाहायला पुष्कळ सहली जातात. पण किल्ल्यावरच्या तोफांची माहिती घेणारी मुले आपल्याला तेथवर आणणाऱ्या शिडाकडे पाहतही नाहीत.

हे पाहणे आपल्या इतिहासाचेही देणे आहे. १६७९ मध्ये मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने किल्ला बांधला जात होता आणि इंग्रजांची गलबते तो बंद पाडायला आली होती. मराठ्यांच्या उथळ तळाच्या, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणाऱ्या लहान होड्या रात्री त्या मोठ्या गलबतांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत. वारा पडला की मोठे गलबत जागच्या जागी उभे राहते आणि वल्ह्यांची होडी निघून जाते; उथळ पाण्यात एक अडकते, दुसरी तरते. हे शौर्य होतेच, पण भरती, वारा आणि होडीचा तळ यांचे ज्ञानही होते. आपल्या काळातले पाहायचे तर नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि वाटेत चार ठिकाणी थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९ मे २०१० रोजी परत आले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून हीच प्रदक्षिणा केली. वर्तमानपत्रात हे वाचून आपण टाळ्या वाजवतो. पण समोरच्या वाऱ्याला तिरके घेण्याचा जो धडा या सर्वांनी गिरवला, तो गेटवेपासून हाकेच्या अंतरावर एका तासात पाहायला मिळतो, हे आपल्या गावीही नसते.

सहलीला जाण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग मात्र जरूर करा. लाकडाच्या हलक्या फळीची वीतभर होडी करा, मधोमध काडी रोवून जाड कागदाचे शीड लावा. मोठ्या घंगाळात पाणी घेऊन ती सोडा आणि टेबलपंख्याचा वारा आडव्या बाजूने द्या. पंखा पाण्यापासून चांगला दूर असू द्या. होडी आडवी वाहत जाईल. आता तळाखाली पत्र्याची रुंद पट्टी उभी बसवा, शीड थोडे तिरके करा आणि पुन्हा सोडा. या वेळी ती पुढे चालू लागेल. पट्टी लहानमोठी करून, शिडाचा कोन बदलून काय होते त्याची नोंद ठेवा.

तो प्रश्न विचारणारी मुलगी दुसऱ्या वर्षी नववीत होती आणि आमच्या पहिल्या होडीत होती. परतताना तांडेलाने तिला थोडा वेळ सुकाणू धरू दिले. शीड फडफडू लागले की ती होडी जरा वळवी, फुगले की स्थिर धरी. काठावर उतरल्यावर मी विचारले, "काय, कळलं का आता?" ती म्हणाली, "कळलं सर. पण शीड ओढलं तेव्हा होडी कलली का, ते नाही कळलं." मला पुढच्या तासाचा विषय मिळाला.

तेव्हा मित्रहो, यंदा सहलीची तारीख ठरली की भिंतीवरचे कॅलेंडर उघडा, त्या दिवसाची तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. मग आपल्या सरांकडे किंवा बाईंकडे जाऊन सांगा की, त्या दिवशी मुंबईला भरती अमुक वाजता आहे आणि आम्हाला ती पाहायची आहे.